खालच्या आवाजाची जागा

बाई,

गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात दोरी बांधली. खिडकीच्या गजापासून मांडणीच्या खिळ्यापर्यंत, तुमच्या खोलीत होती तशीच, आणि तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी गाण्यांचे कागद अडकवले. आमच्या गानगटातली शेजारच्या अंजूर गावची एक बाई भाजी घेऊन आली होती, ती दारातच थबकली. म्हणाली, "बाय, कागद धुतलं का काय तुमी?" मी म्हटलं, नाही हो, गाणं निवडतेय. ती कागदांखालून डोकं वाकवून आत आली, गॅसकडे बघितलं, दोरीकडे बघितलं आणि म्हणाली, "आमी तांदूल निवडतो. गाना पन निवडाचा आसतं व्हय?" मला हसू आलं, पण असं निवडायला मला कुणी शिकवलं हे आता कुणाला सांगणार? ज्यांना सांगितलं असतं त्यांतलं कुणी उरलं नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्ही जाऊनही इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला जरा थांबावं लागतं. आवाज मात्र हाक मारल्यासारखा लगेच येतो.

तुमची ती भाड्याची खोली. तुम्ही वसईच्या, शाळेत गाणं शिकवायला भिवंडीला आलात आणि राहिलात. शनिवारी दुपारची एसटी धरून गावी, सोमवारी सकाळी परत, आणि येताना पिशवीत दोन गोष्टी असायच्याच: वाडीतली केळी, आणि तुमच्या चर्चमधल्या जुन्या गायकांकडून मागून आणलेले छापील कागद. पाच रेघांवर बसलेले काळे ठिपके. मी तेव्हा आठवीत. आईने बजावलं होतं, बाईंकडे गाणं शीक, खाऊ मात्र काही नकोस. नाताळानंतर तुम्ही फुगे आणलेत, गोडसर, तळलेले, आतून पोकळ, आणि मी एकामागून एक खातच सुटले. तोंड पुसायला विसरले आणि घरी जाऊन धपाटाही खाल्ला. तुमच्या त्या खोलीतल्या स्वयंपाकघरातच ती दोरी होती. रेघांवरचं गाणं तुम्ही आधी सारेगममध्ये उतरवायचात, वरचा आवाज, मधला आवाज, खालचा आवाज अशा तीन ओळी एकाखाली एक, आणि मग कागद दोरीवर. आमटी ढवळता ढवळता गुणगुणायचं, भाकरी थापता थापता गुणगुणायचं. "लटकू दे त्याला आठवडाभर माझ्या डोक्यावर," तुम्ही म्हणायचात. "शनिवारपर्यंत मलाच कंटाळा आला तर पोरींना दिवाळीपर्यंत येणारच." कागद हातात घेतला की गाण्याचं नाव तुम्ही कधी आधी वाचलं नाहीत. आधी सगळ्यात वरचा सूर शोधायचा आणि तिथे कोणत्या पोरीचा गळा फाटेल ते सांगायचं. मग सगळ्यात खालचा. मग श्वास घ्यायच्या जागा. त्या नसतील तर गाणं कितीही गोड असो, उतरलाच कागद. "पोरी आहेत त्या, पंप नाहीत." शब्द सगळ्यात शेवटी, कारण मराठी शब्द तुम्ही स्वतःच बसवायचात. फोडणी उडून कागदांवर हळदीचे डाग पडायचे. ज्याच्यावर डाग जास्त ते गाणं चांगलं, कारण ते दोरीवर जास्त दिवस टिकलं, असा माझा अंदाज असायचा आणि तो फारसा चुकायचा नाही.

आणि आपला गाण्याचा वर्ग! मागच्या भिंतीला लागून लूमचा, कापडाच्या यंत्रमागांचा कारखाना. खडखडाट असा की हजेरीला पोरी नुसत्या हात वर करायच्या, "हजर" कुणाला ऐकू जाणार. दुसऱ्या कुणी हेडबाईंकडे जाऊन रडारड केली असती. तुम्ही गाणीच वारांप्रमाणे वाटून टाकलीत. एरवी ताठ चालीची, टाळ्यांची, पाय आपटायची गाणी, लूमच्या ठेक्यात चपखल बसणारी. आणि शुक्रवारी लूमला सुट्टी, म्हणून शुक्रवारी हळू गाणी. "त्यांच्याशी भांडायचं नाही, त्यांच्या सुट्टीला गायचं." शुक्रवारचं गाणं वेगळं निवडायचं हे दुसऱ्या कुठल्या गावातल्या गाण्याच्या बाईंना सुचलं असेल असं मला वाटत नाही. शुक्रवारी वर्गात शिरलं की आपल्याच चपलांचा आवाज यायचा आणि पोरी उगाचच कुजबुजत बोलायच्या. त्याच एका दिवशी तुम्ही आमच्यात बसायचात. एरवी पेटीमागे. शुक्रवारी पेटी बंद, आणि तुम्ही शेवटच्या बाकावर, आमच्यातल्याच एक असल्यासारख्या. खालचा आवाज तुम्ही गायचात, कारण आमच्यापैकी कुणाचा गळा तिथवर उतरतच नव्हता. काय आवाज होता हो तो! बाईमाणसाचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. जाड, जराही न हलणारा, खाली चटई अंथरल्यासारखा. मी वरचा आवाज गायची, आणि तुमचा सूर लागला की मला वाटायचं आता मी कितीही वर गेले तरी पडणार नाही.

एका शुक्रवारी कारखान्याचा मुकादम मागच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. सुट्टीच्या दिवशी मशीन पुसायला आला असणार. तुम्ही दचकलात, तक्रार असेल असं वाटलं तुम्हाला. तर तो म्हणतो, "मॅडम, वो धीमा वाला एक बार और होगा क्या? रोज तो सुनाई नहीं देता." आम्ही ओढणीत तोंड लपवून हसलो. तुम्ही मात्र गंभीरपणे "जरूर" म्हणालात आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत घेतलंत. पुढच्या शुक्रवारी त्याने गजांमधून एक जुना धोटा आत सरकवला, लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा, टोकं झिजलेला. "कागज उड़ता है न आपका पंखे से. ये रख लो ऊपर." तेव्हापासून गाण्यांच्या कागदांवर तो धोटा. तुम्ही निवृत्त होऊन निघालात तेव्हा तो माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "पेटी शाळेची आहे, ती देता येत नाही." आत्ता लिहिताना तो माझ्या डाव्या हाताशी आहे.

वाद्यवृंदाचीही तीच तऱ्हा. शाळेकडे दोन पेट्या, थोड्या बासऱ्या, एक बुलबुलतरंग, एक ढोल आणि कुणीतरी दान दिलेला लोखंडी त्रिकोण. छापील कागदावर सगळी भलतीच वाद्यं. तुम्ही "व्हायोलिनचं काम बासरीला, मोठ्या भोंग्याचं काम पेटीच्या खालच्या पट्ट्यांना" असं करत करत तो तुकडा आमच्या मापाचा शिवायचात. आमच्या वर्गात एक पोर होती, सूर नाही, ताल तर त्याहून नाही, पण गाण्याच्या तासाला सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली. हिला काढा, असं हेडबाई म्हणाल्या. तुम्ही दोरीवरचे कागद बदलत राहिलात, बदलत राहिलात, आणि शेवटी असा एक तुकडा शोधलात की सगळे थांबतात आणि मग त्रिकोणाचा एकच टोला पडतो. कधीही पडला तरी चालेल असा. लवकर पडला तर लोक हसतील, उशिरा पडला तर वाट बघतील. संमेलनात तिने इतका उशीर लावला की पुढच्या रांगेतले पाहुणे खुर्चीच्या कडेला आले, आणि टोला पडला तेव्हा जी टाळी झाली ती त्या एकटीची होती. परतताना मी विचारलं, बाई, हे तुम्हाला सापडलं कसं? म्हणालात, "मी बाकी काही बघत नाही गं. सगळ्यांना बसायला जागा आहे का तेवढं बघते."

आणि माझी खरडपट्टी! मी शिकून तुमच्याच हाताखाली शाळेत लागले होते, अंगात नवं वारं. यंदा संमेलनाचं गाणं मी निवडते, म्हणाले. वर्गात एक पोर सुरेख गळ्याची, ताना अशा घ्यायची की ऐकत राहावं. मी तिच्या गळ्याचं गाणं घेतलं आणि बाकीच्या सगळ्यांना मागे "आ" करायला उभं केलं. तुम्ही दारात उभं राहून ऐकलंत. पोरींना बाहेर पाठवलंत. "काय गं, एवढ्या पोरींना आ करायला लावलंस, दाताच्या डॉक्टरकडे आणल्यास का?" मी म्हटलं, पण बाई, गाणं किती उठतंय बघा ना. तुम्ही कागद उचललात. "हे तू कुणासाठी निवडलंस?" तिच्यासाठी, मी म्हटलं. "खोटं," तुम्ही म्हणालात. "हिने काय गाणं बसवलंय असं लोकांनी म्हणावं, त्यासाठी. कागद उचलणाऱ्याने आधी स्वतःला विचारायचं, कुणासाठी? आणि 'माझ्यासाठी' असं उत्तर आलं की कागद खाली ठेवायचा." मी रडले. रागही आला होता, खरं सांगते. बरेच दिवस तुमच्याशी कामापुरतंच बोलले. पण तो प्रश्न डोक्यात जो बसला तो बसला. पुढे तुमच्या जागी आले, केस पिकेपर्यंत शिकवलं, आणि प्रत्येक कागद हातात घेताना तुम्ही दारात उभ्या.

म्हणूनच एक गोष्ट मला कधी उलगडली नाही. इतकं मोजूनमापून निवडणाऱ्या तुम्ही, ठाण्याच्या स्पर्धेला दर वर्षी खालच्या आवाजाचंच गाणं का न्यायचात? एकही पोर तो गाऊ शकत नाही हे तुम्हालाच सगळ्यात आधी माहीत. स्पर्धेत शिक्षकाने गायचं नाही हा नियम. म्हणजे आम्ही दोनच आवाज गाणार आणि तिसरा तुम्ही पेटीवर धरणार, आणि पेटीचा सूर शेवटी पेटीचाच. शुक्रवारी वर्गात जे गाणं भरल्या घरासारखं वाटायचं, ते ठाण्याच्या त्या मोठ्या सभागृहात पोकळ वाटायचं. परीक्षकांचाही दर वर्षी एकच शेरा, गीताची निवड गटाला साजेशी नाही. तुमच्या निवडीला हा शेरा! मला चीड यायची. हेडबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अहो बाई, दोन आवाजांचं साधं गाणं घ्या की. पहिला नंबर कुठे जात नाही." तुम्ही मान डोलावलीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीन ओळींचा कागद. का म्हणून विचारायची माझी छाती झाली नाही.

तुमच्याकडे वसईला मी एकदाच आले. तुम्ही निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता. भाच्याचं घर, मागे केळी, पुढच्या ओट्यावर तुम्ही खुर्चीत. गुडघे गेलेले, आवाज तसाच. मी म्हटलं, आता काय बाई, मजा आहे, दर रविवारी चर्चमध्ये गात असाल. तुम्ही हसलात. "तिथे खालच्या आवाजाला पुरुष आहेत. चांगले धिप्पाड. वरच्याला पोरी आहेत. माझ्या आवाजाचं तिथे काय काम? लहानपणापासून नव्हतंच. मी बाकावर बसते आणि ओठ हलवते." आणि लगेच, "तुझ्या पोरी काय गातायत ते सांग." मी सांगत सुटले आणि तुमचं ते बोलणं तिथेच ओट्यावर राहून गेलं. निघताना गुडघे दुखत असूनही तुम्ही फाटकापर्यंत आलात. "शुक्रवारी आठवण काढत जा माझी," म्हणालात. मी म्हटलं, रोज काढते. त्यानंतर तुमची बातमीच आली, आणि तीही सगळं उरकल्यावर. भाच्याला माझा पत्ता उशिरा सापडला. मी त्या दिवशी वर्गात गेले आणि पोरींना पाय आपटायचं गाणं दिलं. मागे लूम चालू होते, माझ्या आवाजाचं काय झालंय ते कुणाला कळलं नाही.

आता लूम नाहीत, बाई. शाळेमागचा तो कारखाना कधीच बंद झाला. मशीन भंगारात गेली, त्या जागेवर गोडाऊन आहे आणि शटर दिवसभर खाली असतं. गावात अजून खडखडाट आहे पुष्कळ, पण आमच्या गल्लीत नाही. मानकोलीकडून मालाचे ट्रक येतात-जातात तेवढेच. मीही निवृत्त झाले. हे गेले. मुलगी बंगलोरला, रविवारी फोनवर दिसते आणि मी "सगळं मस्त" म्हणते. घरात इतकी शांतता असते की फ्रिज चालू झाला तरी कुणी आलंय असं वाटतं. मला आता रोजच शुक्रवार आहे. तेव्हा आठवडाभर त्याची वाट बघायची, आता तो संपता संपत नाही. एकटं वाटतं हो, फार वाटतं. तोंडाने म्हणायची लाज वाटते म्हणून लिहिते.

बायकांचा गानगट काढला तोही त्याचसाठी. एका मंडळाच्या सभागृहात, माडीवर, संध्याकाळचा. शाळेच्याच गल्लीत, मागच्या खिडकीतून तेच गोडाऊन दिसतं. सुरुवातीला चटया कमी पडायच्या. मग कुणी ठाण्याला राहायला गेली, कुणी नातवंडांत अडकली, कुणाला जिना चढवेना. आता उरलोय पाच जणी. एक ही अंजूरवाली, जिच्या शेतावर गोडाऊनं उभी आहेत आणि जी म्हणते, "भाताच्या लावनीला गाना म्हनाचो आमी. आता गोडाऊनवर काय म्हनाचा?" एक बँकेतून निवृत्त झालेली. दोघी जावा, ज्या घरी एकमेकींशी धड बोलत नाहीत पण इथे एकाच कागदातून गातात. आणि मी. पितृपक्षात मंडळाचे सचिव आले, भला माणूस, हात जोडून म्हणाले, "मॅडम, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तुम्ही पाच जणी. योगावाले मागे लागलेत. कोजागिरीला काहीतरी करून दाखवा, लोक जमले, खूश झाले, तर मला बोलता येईल कमिटीत. नाहीतर..." हॉल गेला की गट गेला. या बायकांना भरली घरं आहेत, त्या घरी जातील. मी कुठे जाऊ?

म्हणून ती दोरी. एका चिमट्याला साधं गाणं, एकाच आवाजाचं, ठसक्याचं, पाची जणींनी मिळून दणक्यात म्हणावं आणि कोजागिरीच्या दुधाबरोबर लोकांनी टाळ्या धराव्यात असं. तुमच्या सगळ्या कसोट्यांना उतरणारं. आणि शेजारच्या चिमट्याला तुमचं शुक्रवारचं गाणं, खाडीवरच्या संध्याकाळचं, तीन ओळींचं, हळदीचे डाग जुने होऊन चहाच्या रंगाचे झालेले. तीन आवाज आणि माणसं पाच. शहाण्याने त्या वाटेला जाऊ नये. रोज मी पहिलं गुणगुणायला घ्यायची आणि कुकरची शिट्टी होईतो दुसऱ्यावर आलेली असायची. आणि एक गंमत सांगू? वरचा आवाज मला आता येतच नाही. काळी पाचच्या उंच पट्टीत ताठ उभी राहणारी मी, वयाने गळा पायरी पायरीने खाली उतरला. जिथे तुमचा सूर असायचा तिथे माझा आपोआप जाऊन बसतो. तुमचा आवाज माझ्याकडे आलाय, बाई. माझा कुठे गेला कोण जाणे.

मी तुमचंच गाणं दिलं. जावांना वरचा आवाज, बँकेवालीला आणि अंजूरवालीला मधला. अंजूरवालीने कागद उलटासुलटा करून बघितला. "बाय, ह्यो कठीन हाय. त्यो दोरीवरचा पयला बरा व्हता, आमी ठोकून म्हनला आसता." मग म्हणाली, "आनि खालचा कोन म्हननार?" मी, म्हटलं. "मंजे तुमी आमच्यात बसनार?" हो, म्हटलं. ती चटईवर थोडी सरकली आणि माझ्यापुरती जागा केली. एवढ्याशा गोष्टीने मला दिवसभर बरं वाटलं.

नवरात्रात एक दिवस तालमीला कुणीच आलं नाही. अंजूरला देवीचा कार्यक्रम होता, ती सगळ्यांना घेऊन गेली. मलाही बोलावलं होतं, पण मी आपली म्हटलं, हॉल उघडून बसते, कुणी आलंच तर. उगाच आपलं. शिष्टपणा म्हणा हवं तर. चटईवर बसले, कागदावर धोटा ठेवला, म्हटलं आपला आवाज तरी पक्का करावा. आणि खालची ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने गायले. अहो, ते गाणंच नाही! खाली, मंद्रातला पंचम धरायचा, धरायचा, धरूनच ठेवायचा. मग एकदा सा. पुन्हा पंचम. शब्दसुद्धा अर्धेच वाट्याला. कडवं संपलं तरी काही घडतच नाही. वरची चाल इतकी लाडिक, आणि तिच्याखाली हे असं, रिकाम्या घरात कुणीतरी एकटंच हं, हं करत बसल्यासारखं. हे तुम्ही गात होतात? इतकी वर्षं? आम्हाला वाटायचं बाईसुद्धा आमच्याबरोबर तेच गाणं म्हणतायत. तुमच्याकडे गाणं नव्हतंच. आम्ही तोंड उघडलं की मग तुमचं ते गाणं व्हायचं.

तिथे बसल्या बसल्या मला वसईचा तो ओटा आठवला. लहानपणापासून नव्हतंच, म्हणाला होतात. आपल्या गावात, आपल्या माणसांत, त्या आवाजाला कुठे जागा नव्हती. ती मिळाली परक्या गावात, मुलींच्या शाळेत, जिथे एकही गळा खाली उतरत नव्हता. आठवड्यातून एक दिवस, लूम बंद असताना. शुक्रवारी जे घोटायचं तेच ठाण्याला जायचं; ते दोन आवाजांचं घेतलं असतं तर तुमची ती जागाच गेली असती. त्रिकोणवाल्या पोरीला बसायला जागा शोधलीत तशी एक स्वतःलाही शोधलीत, आणि तिच्यापायी ठाण्याचा नंबर दर वर्षी सोडलात, परीक्षकांचे शेरे घेतलेत, हेडबाईंचं ऐकून घेतलंत. मला दारातून विचारलात तो प्रश्न तुम्ही दोरीखाली उभं राहून स्वतःला किती वेळा विचारला असेल. उत्तर काय येतंय तेही तुम्हाला माहीत असणार, आणि तरी कागद खाली ठेवला नाहीत. मला राग यायला हवा होता, आमचे नंबर गेले म्हणून तरी. मी रडले. हॉल रिकामा होता ते बरंच झालं. शेवटच्या बाकावर तुम्ही इतक्या एकट्या बसला होतात आणि मी पुढे उभी राहून आपल्याच वरच्या सुरावर खूश होते, ह्याचं रडू आलं.

काल सगळ्या आल्या, देवीचा प्रसाद घेऊन. पहिल्यांदाच तिन्ही ओळी एकत्र घेतल्या. जावा वर, त्या दोघी मध्ये, मी खाली. घसरलं, पुन्हा धरलं. जावा एकदा एकमेकींकडे बघून हसल्या, ते बहुधा यंदाचं पहिलंच. आणि शेवटच्या कडव्याला ते झालं, बाई. शुक्रवारचं ते. माझा कंटाळवाणा पंचम अचानक कुणाच्या तरी पायाखाली आला आणि मला तो ऐकू यायचाच थांबला. संपलं. मग बँकेवाली चष्मा पुसत म्हणाली, "सुंदर आहे हो. पण कोजागिरीला लोकांना हे पोचेल का? दूध पीत गप्पा मारतात सगळे, त्यांना ठसक्याचं लागतं. हॉल जायचा आपला." आणि ते खरं आहे. तुम्ही असतात तर तुम्हीही तेच म्हणाला असतात. निदान मला तरी म्हणाला असतात. अंजूरवाली माझ्याकडे बघत होती. "बाय," तिने विचारलं, "ह्यो गाना तुमी कोनासाठी निवडला?"

अगं बाई, मी मनात म्हटलं, तुम्ही इथे दारात कुठून आलात!

"तुमच्यासाठी," मी म्हटलं. अगदी सहज. कागद गोळा केले, वर धोटा ठेवला. ती हसली. "मंग ऱ्हाऊ दे," म्हणाली, "कठीन आसला तरी म्हनू," आणि जिना उतरून गेली.

हे कुठे पाठवायचं नाही. वसईच्या त्या घरात आता कोण राहतं मला ठाऊक नाही, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला यातलं काही कळायचंही नाही. आज सकाळी दोरीवरून एक कागद काढला, ठसक्याच्या गाण्याचा, आणि घडी घालून कपाटात ठेवला. तुमच्या नियमाने खाली ठेवायचा कागद तो हा नव्हे, हे मला चांगलं कळतंय. हॉल गेला तर माझ्या निवडीने जाईल. कोजागिरीपर्यंत थोड्या संध्याकाळी आहेत, तेवढ्या मला त्या चटईवर बसायचंय. खोटं बोलले, बाई. मी ते माझ्यासाठी निवडलं.